गंज लागू नये म्हणून

२२ मार्च, शनिवार

आमच्या पहिल्या गाडीच्या तळाला भोक पडलं होतं. मागच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी, चांगलं बशीएवढं. रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं वरळी सीफेसवर जायचो, तेव्हा पाच वर्षांचा यतीन सीटवर पालथा पडून त्या भोकातून खालचा रस्ता बघत राहायचा. शेंगांची टरफलं एकेक करून त्यात सोडायचा. पावसाळ्यात तिथून पाणी उडून माझी साडी भिजायची आणि हे पुढच्या आरशात बघून हसायचे. शेवटी ह्यांनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण ठोकून ते बुजवलं. यतीन दोन दिवस रुसला होता.

समुद्राच्या वाऱ्यानं ती गाडी आतून पोखरली. भंगारवाला न्यायला आला तेव्हा कमलाकांत, माझे यजमान, गॅलरीत आले नाहीत. आतल्या खोलीत पेपर वाचत बसले होते. पेपर आदल्या दिवशीचा होता.

हे सगळं आज आठवलं, कारण आज नवी गाडी ठरवली. आमची गिरगावातली वाडी पाडून तिथे टॉवर झाला, नव्या घराबरोबर बंद पार्किंगची जागा आली आणि ह्यांच्या मनात इतकी वर्षं दडलेली गाडी वर आली. शोरूममध्ये रंग निवडताना ह्यांनी सहज म्हटलं, "शकू, ही शेवटची. मी जाईन त्या दिवशीसुद्धा ही अशीच नवी दिसली पाहिजे."

मला ते बोलणं आवडलं नाही. मागच्या वर्षी ह्यांच्या हृदयात स्टेंट टाकल्यापासून मी असल्या वाक्यांना घाबरते. ह्यांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही.

शोरूमचा स्वप्नील नावाचा मुलगा आमच्याशी फार गोड वागत होता. गिरगावात राहतो म्हटल्यावर त्यानं मोबाइलवर एका गाडीचा फोटो दाखवला, दारं खालून कुजलेली, करंजीच्या कडेसारखी. म्हणाला, चौपाटीजवळच्या गाड्यांचं असं होतं. खालून गंजरोधक कोटिंग आणि वरून रंगाला संरक्षण, दोन्ही मिळून पॅकेज. नंतर करून तेवढा फायदा नाही, डिलिव्हरीच्या आधीच करावं लागतं. तो फोटो बघताना ह्यांचा चेहरा मी पाहिला. पॅकेज घेतलं जाणार हे मला तेव्हाच कळलं.

२५ मार्च

पुण्याहून यतीनचा फोन. कोटिंग घेऊ नका म्हणाला. आजकाल कारखान्यातच गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून काढतात. गंजून भोक पडलं तर त्याची हमी कंपनी देते. शोरूमवाले वरून जे फासतात त्यात त्यांचाच फायदा, रंगावरचं संरक्षण म्हणजे थोडं महागडं पॉलिश, आणि खालचं काळं काम घाईत केलं तर पाणी निघून जायची भोकं बुजतात. हे मी ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. हे म्हणाले, पुण्यात समुद्र नाही.

संध्याकाळी धम्मपाल भावजी आले. गोदीच्या ऑफिसात हे दोघं शेजारच्या टेबलांवर होते, पार निवृत्तीपर्यंत. अजून दर आठवड्याला परळहून बसनं येतात आणि माझ्या हातचं कोलंबीचं भुजणं खाऊन जातात. तेही यतीनच्या बाजूचे निघाले.

"कमळ्या, गाडीला रेनकोट घालतोयस होय? त्यापेक्षा स्वतःच्या गुडघ्यांना तेल लाव. आधी ते गंजतायत."

"तुला काय कळतंय धम्मा? तू जन्मभर बेस्टच्या जिवावर फिरलास."

"आणि एकही बस गंजू दिली नाही."

पुष्कळ हसलो. ह्यांनी रात्री जेवताना स्वप्नीलला होकार कळवून टाकला. मी विरोध केला नाही. एवढ्या वर्षांत ह्यांनी स्वतःसाठी काय मागितलं होतं?

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. गाडी उद्याच हवी, सगळ्या मुंबईला उद्याच हवी. वर्कशॉपमध्ये गाड्यांची रांग, कित्येकींना आधीच हार घातलेले. ह्यांनी हट्ट धरला की कोटिंग आपल्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे, म्हणून आम्ही तिथेच स्टुलांवर बसलो.

गाडी वर उचलली होती. तिला खालून बघताना मला उगीचच संकोच वाटला. एका माणसानं तळातली काळी रबरी बुचं एकेक करून उपटली आणि पिशवीत टाकली. मी विचारलं तर म्हणाला, ह्या भोकांतून नळी आत घालून मारतो, म्हणजे आतूनही सडत नाही, नंतर बुचं परत बसवायची. मग काळा फवारा सुरू झाला. वास इतका उग्र की माझे डोळे चुरचुरले. मध्येच मॅनेजर ओरडत आला, अजून इतक्या गाड्या बाकी आहेत, काय रांगोळी काढत बसलाय काय. आम्हाला चहाला म्हणून एसीच्या खोलीत पाठवलं. परत आलो तर आमची गाडी पुसून खाली उभी आणि तो माणूस पुढच्या गाडीखाली.

हे तिच्याभोवती एक चक्कर मारून आले, बोट न लावता.

३० मार्च, पाडवा

गाडी घरी आली. पूजेच्या वेळी गंमतच झाली. मी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला बोट पुढे केलं तर स्वप्नील जवळजवळ आडवाच आला. कोटिंग पक्कं व्हायला काही दिवस लागतात, कुंकवाचा डाग धरेल. त्यानं खिशातून स्वस्तिकाचं स्टिकर काढलं आणि काचेवर लावलं. नारळसुद्धा लांब फोडला, पाणी उडू नये म्हणून.

मी काही फार देवभोळी नाही. शाळेत सिस्टरांनी आम्हाला येशूची प्रार्थना शिकवली, घरी आईनं रामरक्षा, मी दोन्ही म्हणत मोठी झाले. तरी कुंकवाचं बोट तसंच परत आणून पदराला पुसताना कसंसंच वाटलं.

४ एप्रिल

गाडीचे नियम ठरले आहेत. चपला बाहेर झटकायच्या. आत खायचं नाही. आणि काचा कधीही उघडायच्या नाहीत, कारण खारी हवा आत शिरली की सीटखालच्या पट्ट्यांपासून गंज सुरू होतो. बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवायचं एक बटण असतं, ते कायम चालू.

आज ह्यांनी आणखी एक केलं. आमची पार्किंगची जागा जाळीच्या भिंतीला लागून होती, तिथे चौपाटीचा वारा सरळ आत येतो. सातव्या मजल्यावरच्या वरदची जागा अगदी आत, पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यात, तीन बाजूंनी भिंती. ह्यांनी त्याच्याशी अदलाबदल केली. वरद आधी थट्टा समजला. अंकल, तिथे तर गुदमरायला होतं, असं म्हणालासुद्धा. हे म्हणाले, मला तेच हवंय, वारा नको. गाडी मागे घेत घेत शेपूट भिंतीला टेकेपर्यंत नेली. आता ती तिथे कपाटातल्या शालूसारखी आहे. खांबावर सोसायटीची पाटी आहे, 'इंजिन चालू ठेवून उभे राहू नये'. पाट्या काय, सगळीकडेच असतात.

११ एप्रिल

आमच्या वरच्या फ्लॅटचं आतलं काम सुरू झालं. दुपारभर ड्रिल आणि हातोडे. डोक्यावर कुणी खलबत्ता कुटतंय असं वाटतं. हे दुपारी अर्धा तास झोपल्याशिवाय राहू शकत नाहीत, स्टेंटनंतर डॉक्टरांनीही झोपायला सांगितलंय. आज वैतागून किल्ली घेतली आणि म्हणाले, मी माझ्या खोलीत जातो. म्हणजे गाडीत. एसी लावून, सीट मागे करून, जुनी नाट्यगीतं लावून चांगले तासभर झोपले. चहाला वर आले तेव्हा गाल तांबूस, डोळे जड. मी म्हटलं, कॉलेजातल्यासारखे दिसताय.

सीटखाली प्लास्टिकची पिशवी सापडली म्हणाले. ती काळी रबरी बुचं. ह्यांना वाटलं जादाची असतील, शर्टाबरोबर जादा बटणं देतात तशी. डायनिंगच्या खुर्च्या फरशीवर फार करकरायच्या, त्यांच्या पायांखाली मी ती लावून टाकली. छान बसली. आता खुर्ची ओढली तरी आवाज येत नाही.

१३ एप्रिल, रविवार

उद्या जयंती, भावजींना दिवसभर दादरला काम, म्हणून आजच आले. गाडीतून वरळीपर्यंत जाऊन आलो. कोळीवाड्याच्या बाजूला सुकवलेल्या बोंबलांच्या रांगा दिसल्या तेव्हा भावजींनी काच खाली करायला बोट नेलं आणि ह्यांनी बटणाला कुलूप लावलं. भावजी म्हणाले, जेलमध्येसुद्धा खिडकी असते.

परत आल्यावर कोपऱ्यात गाडी लावून आम्ही तिघं तशीच बसून राहिलो, एसीत, रेडिओवर एक मैफल चालू होती ती संपेपर्यंत. बाहेर उकाडा मरणाचा. मला मागे बसून इतकी गुंगी आली की गाणं लांब लांब जायला लागलं. भावजी उतरले ते खांब धरूनच. डोकं गच्च झालं होतं त्यांचं, मळमळत होतं. वर येऊन लिंबूपाणी प्यायले. जाताना हसत म्हणाले, "कमळ्या, तुझी गाडी मला चढते रे. हातभट्टीपेक्षा वाईट."

भुजणं तसंच राहिलं. त्यांनी माझ्या भुजण्यावर याआधी कधी पाणी सोडल्याचं मला आठवत नाही.

२४ एप्रिल

मला काळजी वाटते. कालच्या दुपारी हे गाडीतून वर यायला निघाले आणि लिफ्टनं अकराव्या मजल्यावर गेले. आमचा मजला चौथा. तिथल्या बाईंच्या दाराशी उभं राहून मला हाका मारत होते. त्यांनी हाताला धरून आणून सोडलं. मग ओकारी झाली. झोपून उठल्यावर एकदम ठीक, मलाच विचारलं, एवढी का रडतेस.

आज डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी चांगला, रक्तदाब चांगला. डॉक्टरांनी बरंच काही विचारलं. डोकं कधी दुखतं, सकाळी की दुपारनंतर? दुपारनंतर. घरात आणखी कुणाला दुखतं? मी म्हटलं, मला थोडं, पण ते वरच्या हातोड्यांमुळे. मग त्यांनी विचारलं, बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे का? मी नाही म्हटलं, विजेचा आहे. खिडकी? आहे, मोठी आहे. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि खोडलं. मेंदूचा फोटो काढून घेऊ, आणि मोकळ्या हवेत बसा, असं सांगितलं. गीझरचं त्यांनी का विचारलं कोण जाणे. आंघोळ तर हे सकाळी करतात.

गाडीत बसतात ते मी सांगितलं नाही. ते कुणी विचारलंच नाही.

१ मे

आज सगळं छान झालं, म्हणून लिहिते. भावजींची नात प्रिती हल्लीच गाडी शिकली. हात बसावा म्हणून ह्यांनी तिला बोलावलं होतं. पोरगी मोठी धीट. परळच्या चाळीत वाढलेली, आता बँकेत आहे. बसल्या बसल्या तिनं चारही काचा खाली केल्या.

हे ओरडले. ती म्हणाली, "आजोबा, हॉर्न ऐकू नाही आला तर मी कोणाच्या तरी अंगावर घालीन. तुम्हाला गंज पाहिजे की केस पाहिजे?"

हे हसले, हरले. सगळी मुंबई आत येत होती, मासळीचा, पेट्रोलचा, मोगऱ्याचा वास. शीवपर्यंत जाऊन आलो. माझे केस विसकटले, ह्यांनी आरशात बघितलं आणि हसले. मला ते हसणं ओळखीचं होतं.

घरी आल्यावर ह्यांचं डोकं दुखलं नाही. माझंही नाही. दोन आंबे खाल्ले आणि शब्दकोडं पुरं केलं. तरुण माणसाची सोबत हेच औषध, दुसरं काही नाही. संध्याकाळी मात्र फडकं घेऊन खाली गेले आणि सीटच्या सगळ्या पट्ट्या पुसून आले, खारं काही राहू नये म्हणून.

९ मे

आज भांडण झालं. गुणाजी, आमचा वॉचमन, मालवणचा, शांत माणूस. त्यानं ह्यांना गाडीत झोपलेलं बघून काच वाजवली. उठेनात म्हणून जोरात वाजवली. मग दार उघडून ह्यांना बाहेर काढलं. ह्यांना राग आला तो काचेवर त्याच्या अंगठीचा ओरखडा उठला म्हणून. कोटिंग खरवडलंस म्हणाले. गुणाजी एवढंच म्हणत होता, "काकानू, इंजिन चालू ठेवन हय झोपा नकात. ह्या बरा नाय."

वर आल्यावर ह्यांनी दार लावून घेतलं. मला म्हणाले, "हे यतीनला सांगू नकोस. त्या अकराव्या मजल्याचंही नको. तो किल्ली काढून घेईल. शकू, माझ्याकडून सगळं काढून घेतलं. नोकरी गेली, वाडी गेली, जिने चढणं गेलं. ही राहू दे."

मी शब्द दिला. दुसरं काय करणार होते?

गुणाजीला मी जाऊन सॉरी म्हटलं. तो म्हणाला, बाय, मी तक्रार नाय करूचंय, पण तुमी तरी बगा.

१४ मे

गाडी धुतल्यावर ड्रायव्हरच्या बाजूच्या दारातून डुबुक डुबुक आवाज येतो, हंडा हलवल्यासारखा. पाणी आत साठतंय. दार जोरात लावलं की खालच्या कडेतून थोडं गळतं. गाडी जागेवर चालू असताना खालून फटफट असा बारीक आवाजही हल्ली येतो.

ह्यांनी स्वप्नीलला बोलावलं. तो आला, वाकून बघितलं, पँट मळू नये इतपतच. दाराचं पुढच्या सर्व्हिसला बघू म्हणाला. आवाज कोटिंग बसतंय त्याचा. गाडीत येणाऱ्या वासाचं विचारलं तर म्हणाला, कोटिंग तापतं तेव्हा येतो तो, हळूहळू जाईल. बॉनेट मात्र पुन्हा एकदा चकचकीत पॉलिश करून दिलं आणि आरशासारखं झालंय म्हणून आम्हाला आमचे चेहरे दाखवले.

संध्याकाळी धुण्यात ह्यांचा रुमाल मिळाला. त्यावर चहासारखा तपकिरी डाग, एका रेघेत. दाराच्या खालच्या कडेला तसाच रंग मी सकाळीच बघितला होता, आणि ह्यांना तिथे रुमालानं पुसताना मी लांबून पाहिलं होतं. दीड महिन्यात गंज. यतीन बरोबर होता. पण ते ह्यांच्यासमोर म्हणायची माझी छाती नाही. मी रुमाल लिंबू लावून धुतला आणि घडी करून ठेवला.

१९ मे

यतीनचा फोन. भावजींनी त्याला काहीतरी सांगितलंय. त्यानं सरळ विचारलं, "आई, बाबा त्या बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसतात का?"

मी म्हटलं, नाही रे, खाली जरा चालायला जातात.

त्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग म्हणाला, शनिवारी येतो, गाडी माझ्या ओळखीच्या गॅरेजला नेऊन खालून तपासून घेतो, तोवर बाबांना तिच्यात बसू देऊ नकोस. म्हणजे तो किल्ली घेणारच. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर खुर्चीत बसले तर खोली फिरत होती.

हल्ली मलाही होतं हे. ह्यांना एकट्याला सोडवत नाही म्हणून गेले काही दिवस मीही दुपारी त्यांच्याबरोबर खाली बसते. वर आलं की कपाळात ठणका, पायांत कापूस. कोथिंबीर निवडता निवडता कुठली काडी टाकायची तेच कळेना. माझ्या आईचं असंच झालं होतं. ती माझ्याच वयाची होती, डोकं दुखतंय म्हणून पडली आणि दिवेलागणीला गेली. मला वाटतं ते माझ्यातही आलंय. ह्यांना सांगितलेलं नाही. त्यांचा मेंदूचा फोटो अगदी स्वच्छ आला, तोच आनंद मला पुरे.

२२ मे, गुरुवार

कालची दुपार लिहून ठेवते. एसी चालू होता. हे माझा हात हातात घेऊन झोपले. चेहरा इतका शांत, गाल इतके गुलाबी, की उठवावंसं वाटेना. आणि मग उठवायला लागले तर उठेनात. मी हाका मारल्या, हलवलं, शेवटी दार उघडून बाहेर जाऊन गुणाजीला शोधणार तेवढ्यात डोळे उघडले. मला विचारलं, "यतीन भोकातून पडला नाही ना?"

रात्री मी ठरवलं की हे आता पुरे झालं. सकाळी बोलायचंही ठरवलं. पण सकाळी हे माझ्याआधी उठले होते, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. शनिवारी यतीन येतोय हे त्यांना भावजींकडून कळलंय. म्हणाले, "आजची आणि उद्याची दुपार आपली. मग घेऊ दे त्याला किल्ली. मी कुरकुर करणार नाही. तू ये फक्त." असं मागणाऱ्या माणसाला मला कधी नाही म्हणता आलेलं नाही.

हे आताच खाली गेले. एसी लावून गाडी गार करून ठेवतात माझ्यासाठी. गुणाजी चार दिवस गावी गेलाय, म्हणजे आज काच वाजवायला कुणी नाही, असं मिस्कीलपणे म्हणाले. वरचे हातोडे सुरू झालेत. माझी डोकेदुखी कालपासून उतरलेलीच नाही. उशी आणि थर्मास घेऊन मी निघतेच आहे, पण आईची आठवण पाठ सोडत नाही, म्हणून आधी हे लिहिते. ह्यांच्या मागे मी राहीन असं मी नेहमी धरून चालले होते. बहुतेक उलटं होणार. यतीन, वही तुझ्याच हाती लागेल, तेव्हा नीट वाच.

माझा मोत्यांचा तनमणी सूनबाईला, अपूर्वाला. तुझी बायको मोती घालत नाही हे मला ठाऊक आहे. तिनं तो मोडून हवं ते करावं, मला वाईट वाटणार नाही.

भुजण्याचं जाड बुडाचं पातेलं दादरला देविकामावशीला. तिच्याकडचं पातळ आहे, तिचं नेहमी खाली लागतं. शिवणाचं मशीन गुणाजीच्या बायकोला, ती ब्लाउज शिवायचं म्हणत होती. माझी इंग्रजी पुस्तकं माझ्या जुन्या शाळेला द्यावी, त्यातल्या पहिल्या पानांवर सिस्टरांनी सह्या केल्या आहेत, ती पानं फाडू नयेत.

ह्यांचा जुना रेडिओ आणि नाट्यगीतांच्या कॅसेट भावजींना. माझ्यामागे हे एकटे पडतील. भावजींनी आठवड्यातून एकदाऐवजी दोनदा यावं, आणि जेवायला मी नसले तरी जेवून जावं. ह्यांच्या गोळ्या निळ्या डबीत आहेत, रात्रीची विसरतात, तुला फोनवर आठवण करून द्यावी लागेल.

माझी औरंगाबादी शाल ह्यांनाच राहू दे. एसीत पायांवर घेतात.

गाडी तुला नको आहे हे तू बोलला नाहीस तरी मला कळतं. ह्यांच्याकडून तुला ती घ्यावीच लागली तर विकू नकोस. प्रितीला दे. तिचा हात पहिल्यांदा ह्याच गाडीवर बसला आहे, आणि पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे, उकाड्यात, पाहुण्यारावळ्यांत तिला जरा शांत बसायला हक्काची जागा होईल. कोपऱ्यातली पार्किंगची जागाही तिलाच वापरू द्या, तिथे वारा येत नाही. कोटिंगची हमी पुढच्या कप्प्यात आहे, ती तिच्या नावावर करून घे.

प्रिती, दारात साठलेलं पाणी दुरुस्त करून घे, ह्यांना न कळू देता. तुला वारा आवडतो, मी पाहिलंय. पण ह्यांच्या मनात ती गाडी नवी राहायला हवी, एवढीच त्यांची इच्छा आहे. काचा बंद ठेव.